फायरवॉलमधलं दार

बाबा सकाळपासून फोन उचलत नव्हता. आता तर फोन बंदच लागत होता.

मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करायची, बाबाच्या शहरापासून रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे तिने तेच भिंग तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा मालकीणबाईंनीच तिला मागच्या खोलीत पाठवलं.

खुब्याच्या ऑपरेशननंतरही बाबा एकटाच राहत होता. तिच्याकडे यायला तयार नव्हता. शेवटी तिने त्याच्या बैठकीच्या खोलीत कॅमेरा बसवून घेतला, दोन्हीकडचं बोलणं ऐकू येणारा. मी काय तुझ्या दुकानातली फ्रेम आहे का काचेआड ठेवायला, अशी कुरकुर करत बाबाने तो बसवू दिला.

कॅमेरा बसला, पण तिच्या मोबाइलवर चित्र काही येईना. परवा नेटवाला घरी जाऊन आला. राउटरची फायरवॉल म्हणजे भिंतच, ती बाहेरच्या कुणालाही आत घेत नाही, असं त्याने तिला फोनवर समजावलं. कॅमेऱ्यासाठी तिच्यात एक पोर्ट उघडलाय, म्हणजे दारच समजा. पासवर्ड मात्र कंपनीकडून आलेलाच आहे, तेवढा बदलून घ्या, असंही तो म्हणाला. आधी मला माझा बाप दिसू दे, मग बदलू, असं म्हणून तिने ते पुढे ढकललं. बाप काही दिसला नाही.

बाबाच्या खालच्या मजल्यावरचं जोडपं गावाला गेलं होतं. नेटवाला शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर होता, संध्याकाळशिवाय त्याला बाबाकडे जाता येणार नव्हतं. पण तिचा आवाज ऐकून त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मोबाइलवर कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये काय काय भरलंय ते वाचून दाखवायला सांगितलं.

तिने वाचायला सुरुवात केली. डोळ्यांपुढे मात्र न्हाणीघराची ओली फरशी येत होती. बाबा पडला असेल. हाका मारत असेल. मन चिंती ते वैरी न चिंती, असं स्वतःला बजावून तिने पुढचा आकडा वाचला.

"थांबा," नेटवाला म्हणाला. "ताई, पोर्टचा शेवटचा आकडा चुकलाय. दार एकीकडे आणि तुम्ही भिंत ठोठावताय."

तिने आकडा बदलला. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. मग खोली दिसली. बाबाची खुर्ची रिकामी होती.

तेवढ्यात कडेने वॉकर आला आणि त्याच्यामागे बाबा, नेहमीसारखा पाय ओढत. नेटवाल्याचे आभार मानून तिने त्याचा फोन ठेवला. तिला रडू आवरेना.

"बाबा!"

बाबाने मान वर केली आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून हसला. "अगं, ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला."

तू पडलास असं वाटलं, जीव टांगणीला लागला होता, असं ती भडाभडा बोलत सुटली. फोन का बंद ठेवलास, हेही विचारलं.

बाबा सावकाश खुर्चीत टेकला. "आता तुझा आवाज बरा येतोय. सकाळी ह्या कॅमेऱ्यातून बोललीस तेव्हा घसा बसल्यासारखा वाटत होता. आणि मला अहो-जाहो काय करत होतीस? म्हटलं, पोरगी रागावली की काय."

तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"फोन उचलू नकोस, बंदच ठेव, असं तूच तर सांगितलंस," बाबा म्हणाला. "तू पाठवलेला माणूस आलाय. स्वयंपाकघरात आहे. बोलावू का?"