विहिरीची चावी

“घर तपासाल तेव्हा प्राप्तीला बरोबर घ्या. तिच्यामागे काही करू नका,” मनोविकार वॉर्डातून तिला सोडताना हेमाली सिस्टरनी बजावलं होतं. थोरल्या जावेने, तेजस्वीने, ते कानाआड केलं. स्वतःचा जीव नकोसा झालेल्या बाईला काय विचारायचं? बी.एस्सी. झालेल्या आपल्याला एवढं कळत नाही? दिवेआगरला घरी आल्याआल्या तिने एकटीने सगळं उरकलं. कोयता माळ्यावर टाकला, गोळ्या कपाटात बंद केल्या, वाडीतल्या विहिरीच्या जाळीला कुलूप घातलं आणि चावी मंगळसूत्रातल्या पिनेला अडकवली.

तेव्हापासून घर प्राप्तीभोवतीच फिरत होतं. धाकट्या सुनेला सासूबाई पापलेटचा मधला तुकडा वाढायच्या. दीर विपुल, प्राप्तीचा नवरा, रजा काढून नुसता तिच्याशेजारी बसून असायचा. येणारा-जाणारा तिलाच विचारायचा, बरं वाटतंय ना गं? तेजस्वी आपलं आठ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन सगळ्यांची ताटं वाढायची. तिचा नवरा गणराज जहाजावर. फोनवर तोही आधी प्राप्तीचीच चौकशी करायचा. आपल्यालाही असंच काही व्हावं म्हणजे कळेल सगळ्यांना, असं भाकरी थापताना तिच्या मनात येऊन जायचं.

आज सिस्टर घरी आल्या. त्यांनी प्राप्तीलाच पुढे घातलं. तुला कुठे भीती वाटते ते तू दाखव, म्हणाल्या, बाकीचे मागून येतील. सगळं घर वरातीसारखं तिच्यामागे निघालं. नवरीच झाली पुन्हा, तेजस्वी मनात म्हणाली.

विहिरीपाशी प्राप्ती थांबली. “ही चावी ताईंकडे नको.”

तेजस्वीचे कान तापले. इतकं केल्यावर हे ऐकायचं? तिच्याआधी सासूबाईच उसळल्या. “तिच्याकडं न्हाय तर कुणाकडं? घर कोन सांभाळतंय?”

प्राप्ती खाली बघत बोटं चुरत राहिली. मग म्हणाली, “काल दुपारी बाळ आत रडत होतं. ताई जाळी उघडून इथे उभ्या होत्या. हातात कळशी नव्हती. मीपण अशीच उभी राहायचे.”

पाणी किती उरलंय ते बघत होते, असं तेजस्वी सांगणार होती. शब्द जुळवलेही होते. पण सिस्टरनी तिच्या कडेवरचं बाळ अलगद काढून सासूबाईंकडे दिलं आणि साध्या आवाजात विचारलं, “तेजस्वी, जीव द्यावासा वाटतो का?”

कितीतरी दिवसांत तिला तिच्याबद्दल कुणी विचारलेलं एवढंच. तिने पिनेतून चावी सोडवली, सिस्टरच्या तळहातावर ठेवली.

“वाटतो,” ती म्हणाली.

तुमच्याही घरात कुणाची तरी काळजी घेणारी, ताटं वाढणारी, कधी न रडणारी एक असेल. हे वाचून झालं की उठा, तिच्या हातातलं काम काढून घ्या आणि सिस्टरनी विचारला तोच प्रश्न तिला तोंडावर विचारा.