हिरवा दिवा

“वायफाय पुन्हा गेलंय,” तांब्याला टेकवून उभ्या केलेल्या मोबाइलकडे बघत सबनीसकाका म्हणाले. “दर रविवारी नेमकं मुलाच्या फोनच्या वेळेलाच जातं. समीर तिकडे कॅनडात खटपट करत बसला असणार.”

शेजारच्या शाल्मलीला असं मोघम बोलणं खपत नसे. “काका, वायफाय वेगळं, इंटरनेट वेगळं. मोबाइलपासून या राउटरपर्यंत वायफाय. तिथून पुढे जगापर्यंत इंटरनेट.”

“तुम्ही शिकलेल्या पोरी एकाचं दोन करता.”

“अहो, सोपंय. मोबाइलवर वायफायची खूण दिसतेय ना? आता राउटरवरचा हा दिवा बघा. इंटरनेट गेलं की तो लाल होतो. हिरवा असला की जगातून कुणाचाही फोन येऊ शकतो.”

काका चष्मा लावून वाकले.

“हा तर रोज हिरवाच असतो.”

आपण काय करून बसलो ते शाल्मलीला तेव्हा कळलं. “कधीकधी दिवासुद्धा चुकतो, काका,” ती घाईने म्हणाली.

“नाही गं. चांगलं समजावलंस.”

त्यांनी मोबाइल आडवा ठेवला आणि इस्त्रीच्या सदऱ्याची बटणं सोडायला घेतली.