शेवटची जोडी

वडील गेल्यावर वाटणीत थोरल्याला जुना ट्रक आला, धाकट्याला स्पेअर पार्टचं दुकान. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. त्या ट्रकचे ब्रेक ड्रम कंपनीने केव्हाच बंद केले होते. शेवटची जोडी धाकट्याच्या माळ्यावर पडून होती. थोरला त्यासाठी भंगारबाजार पालथे घालतोय हे कानावर येताच, "येऊ दे नाक घासत, हात हलवत परत पाठवतो," म्हणत धाकट्याने ड्रम वितळवायला दिले. आठवड्यातच थोरला दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. "झालंगेलं सोड. ड्रम असतील तर दे. गाडी उतारावर आवरत नाही रे." धाकट्याने माळ्याकडे पाहिलं. "नाहीत, दादा." "असते तर तू दिलेच असतेस," थोरला त्याचा खांदा थोपटत म्हणाला आणि स्टिअरिंगवर बसला. भरलेला ट्रक घाटाकडे वळेपर्यंत धाकटा दारातच उभा होता. त्याला हाकही मारवली नाही.