सवडीने

विमानतळावर विमानं उतरवून घेणारा कंट्रोलर ड्यूटीला निघाला, तेवढ्यात आईचा फोन आला. "जरा बरं वाटत नाहीये रे. सवडीने ये." असं ती नेहमीच म्हणायची. "ड्यूटी संपली की येतो," तो म्हणाला.

दुपारी एक वैमानिक रेडिओवर म्हणाला, "इंधन जरा कमी आहे." असं सगळेच म्हणतात, म्हणून कंट्रोलरने त्यालाही रांगेत घिरट्या घालायला लावल्या. विमान कसंबसं टेकलं तेव्हा टाकी कोरडी ठणठणीत होती.

"सरळ 'मेडे' म्हणून संकट कळवायला जीभ झिजत होती का?" तो फोनवर कडाडला. "सगळ्यांच्या आधी उतरवलं असतं! नुसत्या 'जरा'वरून मी काय समजायचं?"

"उगाच कशाला सगळ्यांची धावपळ, असं वाटलं," वैमानिक पुटपुटला.

कंट्रोलरने तो फोन तसाच ठेवला. त्याने आईला फोन लावला.

शेजारच्या काकूंनी उचलला.