पॉलिश पेपर

बिबवेवाडीच्या वर्कशॉपमध्ये हमीदाच्या ड्रॉवरमध्ये वापरलेला पॉलिश पेपर सापडला, आणि सुपरवायझर शरच्चंद्रांचा संशय पक्का झाला. टूल स्टीलचा जॉब, म्हणजे लेथवर घडवायचा तुकडा, कापणाऱ्या कार्बाइड टिपनेच गुळगुळीत करायचा, पेपरने घासायचा नाही, असा तिथला नियम. ते तिच्या लेथपाशीच ठाण मांडून बसले. जॉब टिपखालून आरशासारखा निघाला.

"मग हा पेपर कशाला लागतो आपल्याला?" त्यांनी खोचकपणे विचारलं.

"हळू बोला, साहेब," ती कुजबुजली. "मकबूलचाचांना झिजलेली टिप आता दिसत नाही, जॉब खरखरीत निघतो. ते चहाला गेले की त्यांचे जॉब मी घासते."

शरच्चंद्रांच्या हातातला पेपर पाहून पलीकडच्या लेथवरून मकबूलचाचा म्हणाले,

"रागावू नका पोरीला, साहेब. बिनपेपरचं काम जमायला वर्षं जावी लागतात."