चौथं नाव

बँकॉकच्या इस्पितळात पायाचं हाड बसवायला नर्सने तीनदा ‘वोरावित’ पुकारलं. कुणीच ओ देईना. असल्या वेळी गायब होणाऱ्या माणसाची मला कीव आली. बायकोने माझ्या मांडीवरच्या हेल्मेटवर बोट ठेवलं. तिथे दोन नावं खोडून तिसरं लिहिलेलं होतं. “अहो, ते तुम्हीच.” बांधकामावर परांचीच्या फळीवरून पहिल्यांदा पडलो तेव्हा भिक्खूंनी जन्मवार पाहून नावात दोष काढला, मी कचेरीत जाऊन नाव बदललं. पुन्हा त्याच फळीवरून पडलो, पुन्हा बदललं. आता तिसरी खेप. मुकादम संत्री आणि भिक्खूंची चिठ्ठी घेऊन आला. त्याने माझ्या कधीच न बदललेल्या टोपणनावाने हाक मारली. “बेडक्या, हे चौथं नाव. यानंतर पडलास तर सांग.” “पाय बसला की मला त्याच फळीवर चढायचंय,” मी म्हणालो. “दोष फळीत असेल तर?” मुकादमाने चिठ्ठी उलटी केली. मग पेन्सिल काढून म्हणाला, “फळीचा जन्मवार सांग.”