बाबारावांचं जहाज

घाटंजीच्या बाबाराव सुतारांचा गुणवंत नौदलात गेला आणि विमानं वाहून नेणाऱ्या जहाजावर लागला. "पोरगं राह्यते तरी कुठी?" असं त्याची आई पंचफुलाबाई रोज विचारायची. शेवटी बाबारावांनी पेपरातल्या फोटोवरून माप धरून आठ महिन्यांत बैलगाडीच्या जुवाएवढं लांब सागवानी जहाज घडवलं. वर चिमणीएवढी बावीस विमानं, पत्र्याच्या पंखांची.

बासष्टच्या दिवाळीआधी गुणवंत सुटीवर आला. सारी गल्ली अंगणात जमली.

"नीट पाहून सांग, काई चुकलं काय?" बाबारावांनी विचारलं.

गुणवंतनं जहाजाभोवती दोन चकरा मारल्या. एक विमान अलगद तळहातावर घेतलं.



"मले काय माहीत, बा? मी तं पार तळाशी बॉयलरपाशी असतो. इमानं आजच पाहून राह्यलो!"